केळीच्या पॅकिंग शेडपर्यंत नेट न्यायचंय: फायबर गाडू की डिश लावू?

राम राम मंडळी,

रावेर तालुक्यात आमचं केळीचं पॅकिंग शेड आहे. घरी ब्रॉडबँड आहे आणि ते छान चालतं. शेड तिथून २५० मीटरवर, मध्ये चुलतभावाचा केळीचा मळा. शेडात वजनकाट्याला जोडलेला कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर आणि सहा कॅमेरे, सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. ऐन कापणीत नेट गेलं की वजनं कागदावर लिहायची आणि पावत्या संध्याकाळी काढायच्या. शेतकऱ्याने वर्षभर जपलेला माल असतो, काट्यावरून उतरायच्या आत त्याच्या हातात छापील पावती पडलीच पाहिजे.

गावातला वायरमन साधी लॅन केबल टाकू म्हणतो. पण ती १०० मीटरपर्यंतच, आणि सिग्नल पुढे नेणाऱ्या मधल्या नेटवर्क स्विचला मळ्यात वीज कुठून आणू? शिवाय वळवाच्या पावसात इकडे विजा कशा पडतात ते तुम्हाला माहीत आहे. तांब्याच्या तारेतून झटका आला तर दोन्हीकडची मशिनं जातील.

दुसऱ्या एकाने ५ गिगाहर्ट्झच्या दोन वायरलेस डिश समोरासमोर लावून दाखवल्या. स्पीड उत्तम. पण मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, आत्ता कमरेएवढी आहे. निसवणीला आली, म्हणजे घड बाहेर पडायला लागले, की पानं डिशच्या रेषेत येतील, मग काय?

फायबर गाडायला भाऊ तयार आहे, पण बांधाकडेने. म्हणजे ३२० मीटर चर. उंदीर आणि नांगर, दोन्हींची धास्ती आहे. कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद:
दादा, कायमचं काम असेल तर फायबरच. त्याच्या काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे तुमची मोठी काळजी तिथेच मिटते. तीन फूट खोल चर, त्यात एचडीपीई पाइप, म्हणजे नांगर आणि उंदीर दोन्हींपासून बचाव. आर्मर्ड म्हणजे चिलखती केबलमध्ये लोखंड असतं, म्हणजे परत विजेची भीती; पाइप टाकताय तर बिनधातूचीच घ्या. सिंगल मोड प्रकारची घ्या; दोन कोर (आतले काचेचे धागे) पुरतात तरी सहाची टाका. एखादा कोर गेला तर परत खणायला नको. दोन्ही टोकांना फायबर लॅनला जोडणारा मीडिया कन्व्हर्टर आणि शेडात इन्व्हर्टर.

डिश वाईट नाही, पण नुसती समोरची डिश दिसून भागत नाही. २५० मीटरला मध्यावर रेषेभोवती पावणेदोन मीटर मोकळी जागा लागते. केळीचं पान म्हणजे पाणीच, ते सिग्नल पिऊन टाकतं. म्हणून पूर्ण वाढलेल्या बागेच्या शेंड्यापासून उंची मोजा, आजच्या नाही. आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर शेडातच ठेवा. कॅमेऱ्यांचा सगळा डेटा घरापर्यंत ओढायची गरजच नाही.

धागाकर्ता:
रेकॉर्डरचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद भाऊ. बांधाने फायबरच टाकतो. सहा कोरची बिनधातूची केबल जळगाव-भुसावळला मीटरवर सुटी मिळते का, की अख्खा ड्रम घ्यावा लागतो? आणि टोकं जोडायला स्प्लायसिंग मशिन (फायबर वितळवून सांधणारं) घेऊन रावेरकडे येणारं कोणी आहे का?