सलग सहा नाइट: तीनवर थांबवायच्या की नाही?

नाइटवाली_ठाणे
मी ठाण्यात एका प्रायव्हेटच्या आयसीयूला आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन 7 वर्षं झाली. आमची नाइट रात्री 8 ते सकाळी 8, आणि स्टाफ कमी म्हणून सलग 6 लागतात, रिलीव्हर (बदलीचा स्टाफ) नाही आला तर सकाळपण खेचायची. गेल्या महिन्यात पाचव्या नाइटला पहाटे साडेचारला इन्सुलिनचा पंप तासाला 2 एमएलवर लावायचा होता, मी 20 टाकलं. स्टार्ट दाबायच्या आत बाजूच्या बेडचा पेशंट सांभाळणाऱ्या ब्रदरने (मेल नर्सने) बघितलं म्हणून वाचलो, पेशंट पण आणि मी पण. असं औषध दोघांनी बघूनच लावायचं असतं, माहितीये मला, पण दुसरी सिस्टर एका पेशंटचा कफ काढत होती आणि मला वाटलं की रोजचंच तर आहे. डोकं बधिर झालंय हे त्या वेळी कळतच नाही हो. माझं म्हणणं, 12 तासांच्या सलग तीन ड्युट्यांच्या वर लावूच नयेत. स्टाफने स्वतः मागितल्या तरी नाही.

चिपळूणकरीण
शेवटचं वाक्य मागे घे बाई. मी इन्चार्जच्या मागे लागून सहा नाइट मागून घेते. मुलगी 4 वर्षांची, चिपळूणला आईकडे. सहा मारल्या की सकाळी खोपटहून एसटी पकडायची, गाडीत झोपायचं, चार दिवस पोरगी. तुझ्या तीन-तीनच्या हिशोबात मला दोन दिवस मिळणार, त्यातला एक जाण्यायेण्यात आणि एक झोपेत, मग तिला भेटू कधी? आणि पंपाची चूक सकाळच्या ड्युटीलापण होते, तेव्हा तर राउंड, नातेवाईक, बिलिंगचे फोन सगळं अंगावर असतं. तू नाइटला किती पेशंट बघत होतीस ते नाही लिहिलंस.

नाइटवाली_ठाणे
तीन. त्यातले दोन व्हेंटिलेटरवर.

चिपळूणकरीण
मग झालं की! इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म आयसीयूत एका पेशंटला एक नर्स असा आहे. भांड त्याच्यावर. माझ्या नाइट कशाला कापतेस?

बदलापूर_फास्ट
मलापण 12 तासच बरे. 8 तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे बदलापूर लोकलचे सहा दिवस धक्के, 12 च्या चार केल्या तर चार दिवस, तास दोन्हीकडे 48 च. आफ्टरनून करून रात्री घरी पोचेपर्यंत पोरं झोपलेली असतात आणि स्टेशनवरून रिक्षा मिळेल की नाही ते वेगळंच टेन्शन. 8 तास 8 तास करणारे बहुतेक हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर राहतात.

रबाळे_एमआयडीसी
मी नर्स नाही, माझी बायको आहे. आमच्या कंपनीत आठवड्याचे 48 तास झाले की पुढे डबल रेट. सहा नाइट म्हणजे 72 तास. वरचे 24 तास कुठल्या भावाने मिळतात कोणी सांगेल का? आमच्या घरी तर सी-ऑफ (जादा ड्युटीच्या बदल्यात सुट्टी) मिळतो, तोपण इन्चार्जच्या मर्जीने, आणि घेतला तर तोंड वाकडं.

कोपरखैरणे_22बेड
माझं छोटं नर्सिंग होम आहे, शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. मुली मिळत नाहीत. शिकवून तयार करतो, वर्षभरात मोठ्या हॉस्पिटलला नाहीतर गल्फला जातात. तीन शिफ्ट चालवायच्या तर तिसरी टीम आणू कुठून?

रबाळे_एमआयडीसी
डॉक्टर, आठवड्याचे तास 168, ते दोन शिफ्टमध्ये वाटा नाहीतर तीन. 48 ने भागलं की एका जागेला साडेतीन माणसं लागतात. 72 ने भागलं की सव्वादोनच्या वर थोडं. तुम्हाला तिसरी टीम नकोय, प्रत्येक जागेमागे जवळजवळ सव्वा माणसाचा पगार वाचतोय.

जुनी_सिस्टर
हिशोब बरोबर. आणि मुली का जातात हेपण सांगा डॉक्टर. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून 2016 मध्ये जी कमिटी बसली तिने 50 पेक्षा कमी बेडवाल्यांनीसुद्धा नर्सला महिना 20,000 च्या खाली देऊ नये असं म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी तुमच्याकडे सुरुवात कितीवर होते?
बाकी मी सरकारीत 31 वर्षं काढली, सलग नाइट आम्हीपण केल्या, पण वॉर्डला मामा-मावशी (वॉर्डबॉय, आया) भरपूर होते, पेशंटची कूस बदलायला हात मिळायचे, आणि पहाटे आळीपाळीने पाठ टेकायला मेट्रनची (सगळ्या नर्सेसच्या प्रमुखाची) मुकाट परवानगी असायची. आता सीसीटीव्हीत डुलकी दिसली की मेमो. पायांच्या शिरांचं काय झालंय ते नाही सांगत, जेवणाची वेळ आहे.

नाइटवाली_ठाणे
@चिपळूणकरीण तुझ्या मुलीचं पटतं मला, खरंच. पण हे ऐक. 2004 साली अमेरिकेत नर्सेसकडून रोजच्या नोंदी लिहून घेतल्या होत्या, साडेबारा तासांच्या वर ड्युटी गेली की चुका तिपटीने वाढत होत्या. आपला हँडओव्हर धरून साडेबारा रोजच होतात. आणि 1997 चा तो प्रयोग, 17 तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे चालतात. आपल्याकडे 0.03 ला गाडी चालवता येत नाही. तू दुपारी 2 ला उठलीस तर सकाळी 7 ला 17 तास होतात, म्हणजे सकाळच्या 7 च्या डोसला, आणि मग तेच डोकं घेऊन मी घोडबंदर रोडला स्कूटी चालवते. तू म्हणशील माझं शरीर माझी मर्जी, पण बेडवरच्याला कोणी विचारलं का?

चिपळूणकरीण
अगं 17 तास तर पहिल्या नाइटलापण होतात! त्यात सलगचं काय आलं?

नाइटवाली_ठाणे
पहिल्या नाइटला मागची झोप शिल्लक असते. चाळीत दिवसा वरच्या मजल्यावर टाइल्स फोडतायत, कुरियरवाला बेल मारतो, मी दिवसाला चार-साडेचार तास झोपते. कमी पडलेली झोप अशी पाच दिवस साठत जाते. तुला एसटीत गाढ झोप लागते ना, ती का लागते?

बदलापूर_फास्ट
हे मात्र खरंय. मी दोनदा कर्जतला जाऊन उतरलेय.

चिपळूणकरीण
😑 बरं. पण तीनची लिमिट आली की मॅनेजमेंट काय करणार मला माहितीये. तीन नाइट, एक ऑफ, परत तीन. महिन्याचे तास तेवढेच आणि माझी चार दिवसांची सुट्टी गेली.

नाइटवाली_ठाणे
म्हणूनच मी मेट्रनला द्यायला अर्ज लिहितेय. तीन नाइटनंतर 48 तास ऑफ, आणि महिन्यातून एकदा ऑफ जोडून घ्यायची मुभा. आमच्या आयसीयूतल्या 11 जणींनी सह्या केल्यात. तुमच्याकडे चालेल का?

चिपळूणकरीण
आधी 72 चे 48 तास करा आणि पगार कापणार नाही हे वर मोठ्या अक्षरात टाक. आणि "स्वतः मागितलं तरी" खोड. मग पाठव, वाचते. आज माझी चौथी आहे, सकाळी नाही वाचणार.