तालुका कोर्टात हरलो, जिल्हा कोर्टात अपील करायचंय – मदत हवी आहे

गोठेवाला: नमस्कार मंडळी, आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गावठाणातला गोठा तीन फूट त्यांच्या जागेत आलाय म्हणून शेजाऱ्यांनी आईवर दावा लावलेला, तालुक्याच्या कोर्टात (कनिष्ठ स्तर) 4 तारखेला निकाल लागला, गोठा काढा आणि ताबा द्या. वकील म्हणतात अपील टाकू, घाई नाही, पण आज 21 तारीख झाली आणि फोन केला की बघतो बघतो चाललंय. दावणीला तीन गाई आहेत, उद्या ताबा घ्यायला कोर्टाचा माणूस, बेलीफ, आला तर बांधायच्या कुठं?

जिल्हा कोर्टात केस परत पहिल्यापासून चालते का, साक्षीपुराव्यासकट? ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा (घरपट्टीच्या नोंदीचा) जुना उतारा आत्ता ट्रंकेत सापडलाय, तो देता येईल का? आणि बोर्डावर जिल्हा व सत्र न्यायालय लिहिलंय, सत्र म्हणजे फौजदारी ना, मग आपलं दिवाणी तिथं कसं?

बाररूमचा चहा: आधी सांगा, निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या (डिक्री, म्हणजे कोर्टाने शेवटी काय हुकूम दिला त्याचा कागद) नकलेला अर्ज टाकलाय का? नसेल तर उद्याच टाका, बाकी गप्पा नंतर. जिल्हा कोर्टात अपिलाला 30 दिवस असतात, तुमचे 17 गेले. अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, पण तयार झालेली नक्कल तुम्ही आठवडाभर उचललीच नाही तर तो आठवडा तुमच्या डोक्यावर. विलंब माफीचा अर्ज असतो, पण त्या भरवशावर राहू नका.

बोर्डाचं म्हणाल तर दोन्ही कामांना न्यायाधीश तेच असतात. दिवाणी काम चालवतात तेव्हा जिल्हा न्यायाधीश, फौजदारी चालवतात तेव्हा सत्र न्यायाधीश. आणि दरवेळी साताऱ्यालाच जावं लागतं असंही नाही, कराडलाही जिल्हा न्यायाधीश बसतात, तुमचा तालुका कुठं जोडलाय ते विचारा.

केस पहिल्यापासून नाही चालत. खालचं रेकॉर्ड वर मागवतात आणि त्यावरच युक्तिवाद होतो, पण पहिलं अपील असल्याने पुरावा नीट वाचला गेला की नाही हेही तपासतात, नुसता कायद्याचा मुद्दा नाही. उच्च न्यायालयात दुसरं अपील गेलं की तिथं ही मोकळीक नाही, म्हणून खरी लढाई इथंच. उताऱ्यासाठी वेगळा अर्ज लागेल आणि आधी का दिला नाही याचं कारण पटवावं लागेल, ट्रंकेत होता एवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही.

सातबारा_सुनीता: अपील टाकलं म्हणजे निकाल थांबला असं समजू नका हं. आमच्या काकांचं तेच झालं, अपील नंबरावर पडलं (दाखल झालं) म्हणून निवांत बसले आणि समोरच्याने दरखास्त लावली, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागितली. स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. आणि दावा आईवर आहे ना? मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

गोठेवाला: आज सकाळी आईला घेऊन जाऊन नकलेचा अर्ज टाकला. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, नुसता निकाल हवा की हुकूमनामा पण? तुमच्यामुळे दोन्ही म्हणालो. स्थगितीचं वकिलांना विचारलं तर म्हणाले ते नंतर बघू. आता विधी सेवावाल्यांकडे जातोय, तिथं कोणकोणते कागद न्यायचे?

सातबारा_सुनीता: आईचं आधार, निकालाची असेल ती झेरॉक्स, आणि आई स्वतः. सही त्यांची लागेल.