पोराशेजारी कांजिण्यावाला झोपला होता, गोळ्या चालू ठेवू का? लवकर सांगा

संत्या_खानापूर (बुधवार, रात्री ९:४०)
यात्रेला थोरल्या भावाचा मुलगा आलेला. रविवारी रात्री दोघं एकाच अंथरुणात झोपले. सोमवारी सकाळी तो गेला. काल वहिनीचा फोन, त्याच्या अंगावर फोड उठलेत, कांजिण्या म्हणे. आमच्या पोराला अजून काही नाही, खेळतोय. रोजच्या गोळ्या चालूच ठेवायच्या की थांबवायच्या? डॉक्टर पुढच्या बुधवारी भेटणार. कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा.

निपाणीकर
अहो, पोरांना कांजिण्या होतातच. आमच्या तिघांना एकाच महिन्यात झाल्या. एकदा होऊन गेलेल्या बऱ्या. काळजी नको.

आक्का_वडगाव
कडुलिंबाचा पाला अंथरुणाखाली घाला. घरात फोडणी देऊ नका, नऊ दिवस मीठ-तिखट बंद. आमच्याकडे अजून देवी आल्या असंच म्हणतात.

मेडिकलवाला
कसल्या गोळ्या? वय किती? आधी कांजिण्या होऊन गेल्यात का, लस दिली होती का? काहीच लिहिलेलं नाही.

संत्या_खानापूर
सहा वर्षं. सिक्स एमपी रोज, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. कांजिण्या झालेल्या नाहीत. लसी सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या झाल्यात.

रुहीची_आई
थांबा. सिक्स एमपी म्हणजे त्याला ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर आहे ना? मेंटेनन्स, म्हणजे नंतरची लांबणारी गोळ्यांची किमो चालू आहे? हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो.

संत्या_खानापूर
हो. एएलएल, ल्युकेमियाचाच प्रकार. सव्वा वर्ष झालं. मला वाटलं गोळ्या म्हटल्यावर कळेल.

मेडिकलवाला
कसं कळेल? तर ऐका. सरकारी लसींत कांजिण्यांची लस नाहीच, ती खाजगीत विकत घ्यावी लागते. म्हणजे त्याला संरक्षण नाही असंच धरा. फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोगी दुसऱ्याला लागण देतो, म्हणजे रविवारची रात्र त्यात आली. पुढच्या बुधवारपर्यंत थांबू नका, आज रात्रीच फोन करा. कांजिण्यांशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं, व्हीझिग म्हणतात. संपर्कानंतर ९६ तासांत दिलं तर उत्तम, म्हणजे उद्या रात्रीपर्यंत. उशीर झाला तरी दहा दिवसांपर्यंत देतात. सगळीकडे मिळत नाही. नाही मिळालं तर दुसरं इम्युनोग्लोब्युलिन, तेही अँटिबॉडीचंच, किंवा सातव्या दिवसापासून एसायक्लोव्हिर, ते या विषाणूवरचं औषध. कुठलं, किती, हे डॉक्टर ठरवतील. मी दुकानदार आहे.

निपाणीकर
एवढं घाबरवायची गरज आहे का? आजार तोच की.

रुहीची_आई
आजार तोच, पोर तेच नाही. किमोत पांढऱ्या पेशी कमी असतात. विषाणू फुफ्फुसात, यकृतात, मेंदूतही जातो. आमच्या रुहीच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला आधी दोन दिवस नुसतं पोट दुखत होतं, अंगावर एक फोड नाही. गॅस म्हणून सोडा दिला घरच्यांनी. नंतर फोड आले, मग शिरेतून एसायक्लोव्हिर. म्हणून सांगते, पोट-पाठ दुखली, दम लागला, एक जरी फोड दिसला, तर सकाळची वाट बघू नका. ताप १००.४ च्या वर गेला तरी तसंच.

आक्का_वडगाव
मग काय, मिरगाची माती पण लावायची नाही काय?

मेडिकलवाला
आक्का, फोडांवर काही लावू नका. ताप आला तरी ॲस्पिरिन नको, ब्रुफेनही नको.

संत्या_खानापूर
गोळ्यांचं कुणी सांगत नाही. सिक्स एमपी बंद करू का नको?

रुहीची_आई
आपल्या मनाने नाही. बंदही नाही, चालूही नाही, फोनवर विचारून. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. स्टेरॉइडवर कांजिण्या जास्त चिघळतात, पण ते एकदम तोडायचं नसतं.

आणि एक. पुढचा बुधवार म्हणजे संपर्कापासून दहावा दिवस. आठव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत, इंजेक्शन दिलं तर अठ्ठाविसाव्यापर्यंत, तो दुसऱ्यांना लागण देऊ शकतो. त्याला घेऊन सरळ किमोच्या वॉर्डात बसलात तर बाकीच्या पोरांचं काय? जाण्याआधी कळवा, वेगळी खोली देतात.

तंबाखूचा_राजा
माझ्या आज्याला नागीण झालेली, कमरेभोवती. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात. कन्नडमध्ये सर्पसुत्तु. येळ्ळूरच्या बाजूला एक जण उतरवतो, पत्ता हवा का?

मेडिकलवाला
विषय कांजिण्यांचा चाललाय.

रुहीची_आई
विषय एकच आहे हो. कांजिण्यांचा विषाणू नसांत लपून राहतो, तोच पुढे नागीण होऊन उठतो. रुहीला किमोत असताना कमरेला एका बाजूला पट्टा उठला होता, लहान मुलांनाही होते. उतरवणाऱ्याकडे नेऊन दोन दिवस घालवले, अजून राग येतो माझाच मला. तोंड-शेपटीचं काही नसतं, पण अशा पोरांत उपचार लगेच लागतो. आणि संत्याभाऊ, कुणाच्या अंगावर नागीण असेल तर त्याच्यापासूनही पोराला लांब ठेवा. त्या फोडांतून नागीण नाही लागत, कांजिण्या लागतात.

सीमावासी८६५
खर्चाचं बघा. महाराष्ट्राने २०२३ ला ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजनेत घेतलंय. तुमचं गाव यादीत आहे का बघा, कोल्हापूरला नेता येईल.

निपाणीकर
त्या योजनेवरून इकडे केवढा विरोध झाला ते पण सांगा. नुसती यादी.

सीमावासी८६५
विरोध करणारे बेळगावला बेळगावी म्हणून मोकळे झाले २०१४ ला. पेशंटनी कुठे जायचं?

मेडिकलवाला
अहो, ९६ तास चाललेत. तुमचं नंतर.

संत्या_खानापूर
घरात तीन वर्षांची मुलगी पण आहे. तिला लस द्यायची का?

निपाणीकर
छे, घरात पेशंट असताना लस? अजिबात नको.

मेडिकलवाला
कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची, किमोवरच्या पोराला ती नाही देत, बरोबर. भावंडाला देतात, संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिली तर उपयोग होतो. लस दिल्यावर तिच्या अंगावर पुरळ आलं तर दोघांना वेगळं ठेवा. तोंडातून देतात ती पोलिओची मात्र घरात नको. हेही डॉक्टरांना विचारूनच.

संत्या_खानापूर (गुरुवार, दुपारी १:१५)
रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांचा फोन लागला. सकाळी बेळगावला आलो, मागच्या दाराने घेतलं, वेगळ्या खोलीत बसवलं. रक्त घेतलंय. इंजेक्शन इथे नाही, बाहेरून मागवलंय, संध्याकाळपर्यंत येईल म्हणतात. नाही आलं तर पुढच्या रविवारपासून एसायक्लोव्हिर, आणि पाणी भरपूर पाजायला सांगितलं. सिक्स एमपी सध्या चालू. मुलीची लस उद्या. शाळेत कळवलं. सगळ्यांचे आभार, घाईत आहे.

रुहीची_आई
इंजेक्शन आलं की इथे लिहा. अठ्ठावीस दिवस रविवारपासून मोजा, आजपासून नाही.

आक्का_वडगाव
बाळाला आंघोळ घालायची की नाही ते कुणी सांगितलंच नाही.

संत्या_खानापूर
आक्का, त्याला अजून एक फोड नाही. रोज घालतोय.