लहान मुलांचे बारीक जंत: ओळखायचे कसे, औषध कुणाकुणाला, किती आणि कधी?

दोन_पिल्लं
मुलगी ५ वर्षांची, मुलगा २० महिन्यांचा. मुलगी रात्री झोपेत ढुंगण खाजवते, कुशी बदलत राहते, सकाळी चिडचिडी असते. शी तपासून घेतली, रिपोर्टमध्ये काहीच नाही. घरात आम्ही दोघं, सासूबाई (फिटसाठी गोळ्या चालू आहेत) आणि जाऊबाई (तिसरा महिना चालू आहे). प्रश्न तीन. जंतच आहेत हे पक्कं कसं करायचं? औषध एकट्या मुलीला की सगळ्यांना? आणि चादरी, गाद्या, खेळणी यांचं नेमकं काय करायचं? सगळं घर उकळत बसायची तयारी नाही, आधीच सांगते.

सूक्ष्मदर्शी
शीच्या रिपोर्टवर जाऊ नका. हे जंत शीत अंडी घालत नाहीत. मादी रात्री गुदद्वारातून बाहेर येते, आजूबाजूच्या घड्यांमध्ये अंडी चिकटवते आणि मरते. एका मादीची अंडी दहा हजारांच्या घरात असतात. त्यामुळे शीच्या तपासणीत बहुतेक वेळा काही सापडत नाही, आणि 'नॉर्मल' म्हटल्यावर घरचे निर्धास्त होतात.

आधी फुकटची पद्धत. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी खोलीत अंधार ठेवून टॉर्च घ्या, ढुंगण अलगद फाकवून बघा. पांढऱ्या सुताचा तुकडा वाटावा असा, साधारण १ सेंटीमीटरचा, हलणारा जंत दिसला की निदान झालं. मुलींमध्ये शूच्या जागेजवळही बघा. नर ५ मिलिमीटरहूनही लहान असतात, ते सहसा दिसत नाहीत.

दिसला नाही तर चिकटपट्टीची तपासणी. ती अशी करायची:

सकाळी मूल उठल्या उठल्या, शी-शू आणि आंघोळीच्या आधी. धुतलं की अंडी गेली. आदल्या रात्री तिथे तेल, क्रीम, पावडर काहीही लावू नका, पट्टी चिकटत नाही. पट्टी पूर्ण पारदर्शक हवी. दुधी दिसणारी घेतली तर तिच्यातून सूक्ष्मदर्शकाखाली धड दिसत नाही. ५-६ सेंटीमीटरचा तुकडा, चिकट बाजू बाहेर ठेवून चमच्याच्या दांड्याच्या टोकावर घ्या. गुदद्वाराभोवतीच्या घड्यांवर चार-पाच ठिकाणी दाबा. घासायचं नाही, फक्त दाबून उचलायचं. मग पट्टी काचपट्टीवर चिकट बाजू खाली करून, हवेचे बुडबुडे न राहू देता लावा. नाव, तारीख लिहून बंद पिशवीत घालून लॅबमध्ये द्या. काचपट्ट्या आधीच लॅबमधून मागून आणा.

एका सकाळच्या पट्टीत साधारण निम्मेच रुग्ण सापडतात. ओळीने तीन सकाळी केलं तर दहातले नऊ सापडतात. म्हणून एक पट्टी 'निगेटिव्ह' आली म्हणून थांबू नका. आणि हो, वापरलेली पट्टी म्हणजे अंड्यांचं पुडकंच. काम झालं की चमचा गरम पाण्यात, हात साबणाने, नखांच्या आतूनसुद्धा.

उंटावरचा_शहाणा
गोड बंद करा. गोडानेच जंत होतात. उपाशीपोटी लसूण द्या, आठवड्यात साफ.

पांढरा_कोट
गोडाने जंत होत नाहीत. अंडं तोंडावाटे पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही, मग साखर किती का खाईना. दात खाणं, लाळ गळणं यावरूनही जंत ठरवू नका. जंत नसलेली मुलंही झोपेत दात खातात. कुत्र्या-मांजरांनाही दोष देऊ नका, हा जंत माणसाकडून माणसाकडेच जातो. लसणाने तोंडाला वास येईल, जंत जाणार नाहीत.

आता औषध. मूळ मुद्दा एकच: औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन गोष्टी चुकवून चालत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि बरोबर २ आठवड्यांनी दुसरा डोस घ्यायचा. खाज नसलेल्या माणसाच्या पोटातही जंत असू शकतात. एकट्या मुलीला दिलं तर तिला पुन्हा कुणाकडून तरी मिळतातच.

दोनच आठवडे का? अंडं गिळल्यापासून नवी मादी अंडी घालू लागेपर्यंत साधारण महिना जातो. पहिल्या डोसच्या सुमारास पोटात गेलेली अंडी १४ दिवसांत फुटून जंत झालेले असतात, पण ते अजून अंडी घालण्याइतके वाढलेले नसतात. त्याच खिडकीत त्यांना गाठायचं. दुसरा डोस तिसऱ्या दिवशी दिला तर वाया जातो, दीड महिन्याने दिला तर तोवर नवी अंडी घरभर.

नेहमीची तीन औषधं:

अल्बेंडाझोल: २ वर्षांवरील मुलं आणि मोठी माणसं यांना ४०० मिलिग्रॅम एकदा. १ ते २ वर्षांच्या मुलाला २०० मिलिग्रॅम, पण डॉक्टरांना विचारून.

मेबेंडाझोल: १०० मिलिग्रॅम एकदा. इथे मोठ्यांना आणि २ वर्षांवरील मुलांना मात्रा सारखीच. जंत आतड्यात असतात, औषध तिथेच काम करतं, म्हणून वजनाचा हिशेब नाही.

पायरँटेल: वजनावर, किलोला ११ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम.

तिन्हींचा दुसरा डोस २ आठवड्यांनी. यातलं एकच निवडा, दोन एकत्र करू नका.

तुमच्या घरातली दोन माणसं मात्र सरसकट यादीत बसत नाहीत. जाऊबाईंनी पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल घेऊ नये. त्यांनी ६ आठवडे नुसती स्वच्छता कडक पाळायची. त्यातून खाज फार असेल तर प्रसूतितज्ज्ञांशी बोलून ठरवायचं. सासूबाईंना फिट कशामुळे येतात ते माहीत करून घ्या. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर अल्बेंडाझोलने त्यांच्याभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. आणि पायपरॅझिन नावाचं जुनं औषध घरात पडलेलं असेल तर फिटच्या रुग्णाला ते अजिबात नाही.

२० महिन्यांच्या बाळाचं औषध बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. त्यांना न विचारता मुलीच्या बाटलीतलं अर्धं झाकण पाजणं हा उद्योग टाळा.

गोळी_पाणी
काउंटरवर रोज होणाऱ्या चुका सांगतो.

सिरपचे मिलिलिटर बाटली बघून ठरवायचे, शेजारणीच्या सांगण्यावरून नाही. अल्बेंडाझोलच्या ज्या सिरपवर '५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम' असं लिहिलंय, त्याचे १० मिलिलिटर म्हणजे ४००. पायरँटेलला आणखी एक मेख आहे. लेबलवर कधी पायरँटेल पामोएटचा आकडा असतो, कधी नुसत्या पायरँटेलचा. १४४ मिलिग्रॅम पामोएट म्हणजे ५० मिलिग्रॅम पायरँटेल. किलोला ११ हा हिशेब नुसत्या पायरँटेलचा. १५ किलोच्या मुलाला १६५ मिलिग्रॅम लागतं. १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम पायरँटेल असलेल्या सिरपचे ३.३ मिलिलिटर. पामोएटच्या आकड्यावर हिशेब केलात तर मुलाला तिसरा हिस्साच औषध जाईल, आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून पुन्हा दुकानात.

सिरप असेल तर बाटली तळापर्यंत मिसळेल अशी हलवा. औषध खाली बसतं. न हलवता दिलं तर पहिल्या मुलाला पाणी आणि शेवटच्याला गाळ. मोजायला सिरिंज घ्या, स्वयंपाकघरातला चमचा नको.

चघळायची गोळी चघळूनच. ३ वर्षांखालील मुलाला अख्खी गोळी किंवा तुकडा देऊ नका, घशात अडकते. बारीक कुटून थोड्या पाण्यात कालवून, मूल बसलेलं असताना द्या. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध ओतणं बंद करा.

आणखी दोन: मेट्रोनिडाझोलचा कोर्स चालू असेल तर त्याच्याबरोबर मेबेंडाझोल नको, त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. आणि पायपरॅझिन व पायरँटेल एकमेकांचा परिणाम मारतात.

पहिला डोस दिला की त्याच मिनिटाला मोबाइलवर १४ दिवसांनंतरचा गजर लावा. दुसरा डोस विसरणं हे जंत 'परत येण्याचं' पहिल्या नंबरचं कारण.

पाळणाघरवाली
स्वच्छतेचं मी सांगते. सगळं घर उकळायची गरज नाही, पण सकाळची वेळ चुकवायची नाही.

अंडी रात्री घातली जातात आणि ४ ते ६ तासांत लागण करण्याजोगी होतात. म्हणजे मूल सकाळी उठतं तेव्हा चड्डीत आणि नखांत तयार माल असतो. म्हणून रात्री झोपताना अंगाला घट्ट बसणारी चड्डी, वरून पायजमा. सकाळी उठल्यावर पहिलं काम चड्डी बदलणं आणि ढुंगण साबण-पाण्याने धुणं. त्याआधी दूध नाही, खेळणं नाही. आंघोळ सकाळीच, वाहत्या पाण्याने. दोन्ही मुलांना एका टबात बसवून आंघोळ घालू नका, एकाची अंडी दुसऱ्याला मिळतात.

काढलेली चड्डी, चादर झटकायची नाही. गाठोडं करून थेट मशीनमध्ये. झटकलं की अंडी हवेत उडतात आणि श्वासाबरोबर घशात जाऊन गिळली जातात. गरम पाण्यात, ६० अंशांवर धुवा. औषध घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, कापडी खेळणी एकदा धुवून काढा. त्यानंतर २ आठवडे चड्डी रोज, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. गादी धुता येत नाही ना, मग पडदे उघडून भरपूर ऊन येऊ द्या. कोरड्या हवेत आणि उन्हात अंडी लवकर मरतात. दमट, थंड जागी मात्र २ ते ३ आठवडे तगतात. केरसुणीने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं लगेच धुवा.

नखं बोटाच्या बरोबरीने कापा, मोठ्यांचीसुद्धा. अंगठा चोखणारं आणि नखं खाणारं मूल असेल तर बाकी सगळं करून उपयोग अर्धाच. हात शीनंतर, जेवणाआधी, लंगोट बदलल्यावर साबणाने. जंतुनाशक जेलवर विसंबू नका, या अंड्यांचं कवच जाड असतं. टूथब्रश उघड्यावर नको. वापरण्याआधी धुवून घ्या.

शाळा बुडवू नका. घरी बसवून काही साधत नाही.

दोन_पिल्लं
सगळ्यांचे आभार. टॉर्चने बघितलं, जंत दिसला. आता डॉक्टरांकडे जातेच आहे. दोन शंका राहिल्या. औषध दिल्यावरही जंत दिसला किंवा खाज राहिली तर काय? आणि मुलीला शू करताना जळजळ होते, ती याचीच का?

पांढरा_कोट
औषधानंतर काही दिवस शीत जंत दिसू शकतात, ते बाहेर पडताहेत एवढंच. खाजही आठवडाभर रेंगाळते. यासाठी लगेच जादा डोस देऊ नका. दुसऱ्या डोसनंतर महिन्याभराने पुन्हा जंत दिसले तर ती बहुतेक वेळा नवी लागण असते. तेव्हा आधी घरात औषध न घेतलेलं कोण राहिलं ते शोधा, मग औषध बदलण्याचा विचार. वारंवार होत असेल तर डॉक्टर काही काळ दर १४ दिवसांनी डोस देतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

जळजळीबद्दल: मुलींमध्ये जंत पुढच्या बाजूला सरकतात, तिथे लाली, खाज, स्राव, जळजळ होते. कधी अंथरूण ओलं करणंही त्यातून सुरू होतं. पण जळजळ आहे म्हटल्यावर लघवी तपासून घ्या, जंतांच्या नावावर लघवीचा संसर्ग खपून जायला नको. आणि गुदद्वाराभोवती ठळक कडेचा लालभडक चट्टा असेल, शी करताना दुखत असेल, तर तो बॅक्टेरियाचा संसर्ग असू शकतो. त्याला जंताचं औषध चालत नाही.

सूक्ष्मदर्शी
एक राहिलं. शीत दिसलेलं प्रत्येक पांढरं सूत जंत नसतं. संत्र्याची रेष, चिकट आव, कापसाचा धागा यांनी लोक घाबरतात. संशय असेल तर पारदर्शक झाकणाच्या डबीत थोड्या पाण्यात घालून लॅबला दाखवा. जंताचं मागचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. लांबी वीतभर असेल तर तो गोलजंत, आणि चपटे, तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे असतील तर फीतकृमी. त्या दोन्हींची औषधं आणि मात्रा डॉक्टर वेगळ्या ठरवतील; वरचं वेळापत्रक त्यांना लावू नका.

गोळी_पाणी
डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्यांची वयं, मुलांची वजनं आणि सासूबाईंच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून न्या. सगळ्यांचे दोन्ही डोस एकाच चिठ्ठीवर लिहून मागा आणि दोन्ही एकदमच विकत घ्या.