‘आर्थिक मदत नको’ असं लिहायला सांगणारे गरीब मुलांचं नुकसान करतात

कांदेपट्टा_मास्तर
आमच्या ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला एक मुलगी आहे. वडील निफाड तालुक्यात कांदा करतात. तिला पदवीसाठी अमेरिकेत जायचंय. कॉलेज रोडवरच्या एका सल्लागारानं तिला सांगितलं, ‘आर्थिक मदत हवी का’ या प्रश्नावर ‘नाही’ लिही, प्रवेश सोपा जातो, पैशांचं नंतर बघू. हा सल्ला घातक आहे असं माझं मत.

खासगी कॉलेजचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ८० ते ९० हजार डॉलर, म्हणजे साधारण ७० ते ८० लाख रुपये. प्रवेश मिळाला तरी आय-२० साठी (व्हिसाला लागणारा कॉलेजचा फॉर्म) पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. ते कुठून आणायचे? शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. शिवाय परदेशी विद्यार्थ्यानं अर्जातच मदत मागितली नसेल, तर बऱ्याच कॉलेजांत पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही.

गरीब घरातल्या मुलांनी जिथे गरज, म्हणजे घरच्यांना न झेपणारा सगळा खर्च, कॉलेज पूर्ण भागवतं तिथेच अर्ज करावा आणि मदत उघडपणे मागावी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट इथे मदत मागितली म्हणून परदेशी मुलांना प्रवेशात मागे टाकत नाहीत. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडनही त्यात आले, नंतर ब्राउन आणि नोत्र दाम.

सातपूरकर
सर, यादी बरोबर आहे, पण अर्धीच गोष्ट सांगताय. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोन-तीनच घेतात. बाकीच्यांचं काय? बारावीत ऐन जेईई-सीईटीच्या वेळी ही पोरं अर्जाचे निबंध लिहीत बसतात. एसएटी या अमेरिकन प्रवेश परीक्षेची फी भारतातल्या मुलांना माफ होत नाही, तो खर्च बापाच्या खिशातून. सल्लागार चुकीचं सांगतो हे मान्य, पण तुम्हीही आशाच दाखवताय. माझ्या कंपनीत शिफ्टला येणाऱ्या माणसाला मी हे करायला सांगणार नाही.

कांदेपट्टा_मास्तर
@सातपूरकर म्हणून फक्त त्या नावांवर थांबू नये. स्मिथ, वासर, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर ही कॉलेजं प्रवेश देताना पैशांची गरज बघतात, पण ज्याला घेतात त्याची गरज पूर्ण भागवतात. कॉर्नेलला खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. तिथेही प्रवेश कठीणच. पण नकार आला तर गेली ती अर्जाची मेहनत, आणि अर्जाची फी बहुतेक ठिकाणी माफ होते. ‘नाही’ लिहून प्रवेश मिळाला तर मात्र घर विकायची वेळ येते. या दोन्हींत फरक आहे की नाही?

पंचवटी_घाट
मला हा वादच अकाली वाटतो. पदवी इथे करा, मास्टर्सला जा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, या मास्टर्स-पीएचडीसाठीच आहेत. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेही बीए झाल्यावर. एकवीस-बावीसच्या वयात पोरगी जास्त खंबीर असते, घरच्यांनाही धीर असतो.

कांदेपट्टा_मास्तर
@पंचवटी_घाट दादा, शाहू शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे. केंद्राच्या योजनेत त्यांच्यासोबत भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर येतात. ही मुलगी त्या जातीजमातींतली नाही आणि वडिलांच्या नावावर जमीन आहे, म्हणून ती त्यात बसत नाही. तिला पदवीलाच दार जास्त उघडं आहे.

पिंपळगावची_लेक
मी अशाच मदतीवर शिकतेय, म्हणून लिहिते. सर बरोबर आहेत, पण कागदपत्रांत काय होतं ते कुणी सांगत नाही.

मदत मागायला सीएसएस प्रोफाइल नावाचा घरच्या उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो. त्याची फी माफ करून घ्यायचा कोड कॉलेजला मेल करून मागता येतो. त्यात आईवडिलांचा टॅक्स रिटर्न मागतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे आमच्याकडे रिटर्नच नव्हता. मी बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या लावल्या, बी-बियाणं, मजुरी, गाडीभाडं वजा करून हिशेब लिहिला आणि सगळं इंग्रजीत भाषांतर करून जोडलं.

दुसरं, ते उत्पन्न आधीच्या वर्षांचं विचारतात. कांद्याला एका वर्षी भाव लागला की कागदावर माणूस श्रीमंत दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा भाव कसे कोसळले हे निफाडच्या माणसाला सांगायला नको, पण अमेरिकेतल्या ऑफिसला सांगावंच लागतं. त्यासाठी फॉर्ममध्ये विशेष परिस्थितीची जागा असते, ती रिकामी सोडू नका. तिसरं, सातबारावर आजोबा, काका, आत्या सगळ्यांची नावं असतील तर जमिनीतला फक्त आपला हिस्सा दाखवा. पूर्ण क्षेत्र लिहिलं तर मदत कमी होते.

सातपूरकर
@पिंपळगावची_लेक ताई, हे कामाचं लिहिलंस. पण मदत ‘पूर्ण’ म्हणतात, तिथे गेल्यावर घरून काहीच लागलं नाही?

पिंपळगावची_लेक
लागलं. व्हिसाची फी, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ३५० डॉलर, थंडीचा पहिला कोट. विमानाचं तिकीट माझ्या कॉलेजनं मदतीत धरलं होतं, सगळीकडे धरत नाहीत. आरोग्य विम्याचंही तसंच, मदतीच्या पत्रात बघून घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि ते पैसे कॉलेजनं आधीच तुमचा वाटा म्हणून धरलेले असतात. त्यातून घरी पाठवायला उरतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या वडिलांना कर्ज काढावं लागलं नाही, एवढं मात्र नक्की.

सातपूरकर
तरी मी म्हणेन, सीईटी सोडू नये. कमावत्या मुलाची वाट बघणाऱ्या घरात चार वर्षं एक रुपया येणार नाही, हे वडिलांना आधी नीट समजावून सांगा. मग त्यांनी हो म्हटलं तर माझी हरकत नाही.

कांदेपट्टा_मास्तर
सीईटी ती देणारच आहे. वडिलांशी रविवारी बोलणं झालं, त्यांनी खर्चाचा कागद लिहून मागितला, तो आज देतोय. अर्ज मोजक्याच ठिकाणी करायचे आणि सगळीकडे ‘मदत हवी’ लिहायचं ठरलंय. ताई, उत्पन्नाचा दाखला तलाठ्याचा चालेल की तहसीलदाराचा?

पिंपळगावची_लेक
तहसीलदाराचा घ्या सर. सेतूमध्ये एक वर्षाचा न मागता तीन वर्षांचा मागा, त्यात प्रत्येक वर्षाचं उत्पन्न वेगळं येतं. भाव पडलेलं वर्ष त्यातच दिसेल.