सिफिलिस डोळ्यात गेलाय म्हणतात, ॲडमिट व्हावंच लागेल का?

सांगलीकर:
वय ३८. महिनाभर उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसतंय, काळे ठिपके तरंगतात. तपासणीत युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत सूज निघाली. रक्तात सिफिलिसच्या दोन्ही तपासण्या, व्हीडीआरएल (१:६४) आणि टीपीएचए, पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणतात, १४ दिवस शिरेतून पेनिसिलिन. ओळखीचे कंपाउंडर म्हणतात, कमरेत एक इंजेक्शन पुरे. या रोगात सुरुवातीला होते ती जखम कधी झालेली आठवत नाही. संबंधातून होणारा रोग, बायकोला काय सांगू?

गवंडीकाका:
भाऊ, ॲडमिट व्हा. मी यातून गेलोय. कामावर ओळंबा धरला की दोरी मधेच तुटलेली दिसायची. त्याआधी तळहात-तळपायांवर तांबूस डाग आले होते, खाज अजिबात नाही. सिमेंटनं झालं असेल म्हणून मी सोडून दिलं. मलाही जखम आठवत नव्हती. ती दुखत नाही, आपोआप भरते. आधी एका ठिकाणी रक्त न तपासताच नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्यात नजर आणखी गेली.

ते कमरेतलं इंजेक्शनही पेनिसिलिनचंच, २४ लाख युनिटचं. डोळ्यात शिरलेल्या जंतूला ते पुरत नाही. डोळ्याचा उपचार मेंदूच्या सिफिलिससारखाच करतात: शिरेतून दिवसाला १८० ते २४० लाख युनिट, दर चार तासांनी विभागून. रात्री दोनलाही सिस्टर उठवायच्या. औषध जाताना शीर चरचरायची, हात बदलून सुई लावावी लागायची. पहिल्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, मी घाबरलो. जंतू मरताना असा ताप येतो, दिवसभरात उतरतो. औषध बंद करायला सांगू नका. पूर्वी पेनिसिलिनची रिॲक्शन आली असेल तर मात्र आधीच सांगा.

दहाव्या दिवशी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचल्या. भाऊ, मी रडलो. पण उशीर झाला असता तर नजर परत आली नसती.

लॅबवाली ताई:
काकांचं बरोबर आहे. एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. नंतर टीपीएचए बहुतेकांचा जन्मभर पॉझिटिव्हच राहतो, त्याला घाबरू नका. व्हीडीआरएलचा आकडा बघायचा: १:६४ चा १:१६ किंवा खाली यायला हवा. वहिनींचं रक्त लगेच तपासा, गरोदर असतील तर आजच. तोवर संबंध नकोत. सरकारी रुग्णालयात अशा रोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथले समुपदेशक दोघांशी बोलतात.

सांगलीकर:
काल रात्री तिला सांगितलं. बराच वेळ बोलली नाही. सकाळी माझी पिशवी तिनंच भरली. दोघंही निघालोय, आधी तिचं रक्त देऊ.