जोडून सुट्टी आणि सहकुटुंब शहरवारी : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

धागाकर्ती, सातारा

शनिवार-रविवारला लागून सोमवारची सुट्टी आली की पुण्या-मुंबईच्या गाड्या आपल्याकडे वळतात. कास, ठोसेघर, महाबळेश्वर सगळं भरून जातं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं मात्र त्याच दिवसांत उलट्या दिशेने, शहर बघायला निघतात. त्यावर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा धागा. ठिकाणांची यादी नको, ती कुठेही मिळते. म्हाताऱ्या माणसांना काय झेपलं, पोरं कशात रमली, कोणता खर्च सार्थकी लागला, ते मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. सातारा स्टेशन माहुलीला, गाडी रात्री उशिरा, त्यामुळे रिक्षा आधीच सांगून ठेवतो. सकाळी दादरला उतरलं की अख्खा दिवस हाताशी असतो. लहान मुलं बरोबर असतील तर दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. आमची होती वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. तिथे हात लावून, फिरवून, ओढून बघायचे प्रयोग आहेत. पाचवीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी दोघंही दुपारपर्यंत हलली नाहीत. संध्याकाळी कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आणि मग चौपाटी. बाकी काही ठेवलं नव्हतं आणि कोणाला कसली घाई नव्हती.

मिरजेहून

ताई, धागा छान. सासूबाईंना घेऊन घारापुरीची लेणी बघून आलो त्याबद्दल लिहिते, कारण "वयस्कर माणसांना तिथे कशाला नेता" असं आम्हाला बऱ्याच जणांनी म्हटलं होतं.

गेटवेवरून लाँच सुटते, पोहोचायला साधारण तासभर लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, म्हणून आम्ही डोली केली. खुर्चीला बांबू बांधलेले, उचलणारी माणसं सराईत. भाव मात्र बसण्याआधी नक्की करावा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि माकडं फार आहेत, हातात खाऊची पिशवी ठेवू नये.

सासूबाई सोमवार धरतात. घरी शंकराची पिंड आणि पोथी, एवढंच त्यांचं विश्व. लेण्यात शिरल्यावर त्रिमूर्तीसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मूर्ती जवळपास सहा मीटर उंच आहे, मान वर करूनच बघावी लागते. मग एकेक शिल्प त्या आम्हालाच समजावून सांगायला लागल्या. हे शिवपार्वतीचं लग्न, ही जटेत उतरणारी गंगा, हा कैलास हलवणारा रावण. माझ्या मुलाच्या पुस्तकात "जागतिक वारसा, १९८७" एवढंच लिहिलं होतं. आजीकडून त्याला त्या दगडांतल्या गोष्टी कळल्या. पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं आणि ते त्यांनी परतीच्या लाँचमध्ये दोनदा बोलून दाखवलं.

महत्त्वाचं म्हणजे लेणी सोमवारी बंद असतात. सोमवार जोडून सुट्टी असेल तर घारापुरी शनिवारी किंवा रविवारीच उरकावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही बंद ठेवतात.

पाटण तालुक्यातून

आमचं गाव डोंगरात. गावात असं घर सापडायचं नाही, ज्यातला माणूस मुंबईला नव्हता. कोण गिरणीत, कोण मशीद बंदरला माथाडी. माथाड्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले. आमचे आबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आबा गावाकडं आले ते कायमचे. नंतर लग्नकार्याला मुंबईला जायचे, पण लालबाग-परळकडं पाय वळवायचे नाहीत.

पोरांना मुंबई बघायची होती. मी म्हटलं, आबांनाच पुढं घालू. चिंचपोकळीला उतरलो. पुलावरून खाली आल्यावर आबा आमच्या पुढं चालायला लागले. इथं भोंगा व्हायचा, इथं खानावळवाल्या मावशी, इथं गावाची खोली. त्या खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्यानं वळकटी गुंडाळायची. गणेशगल्लीत एका दुकानदाराला आबांचं गाव सांगताच त्यानं बसायला स्टूल दिलं. त्याचं आजोळ ढेबेवाडीचं निघालं. मग अर्धा तास तिथंच गेला, आणि तो जायलाच हवा होता.

माझ्या मुलीला मॉल बघायचा होता. लोअर परळच्या फिनिक्सला गेलो. आबांच्या दृष्टीनं ती फिनिक्स मिल. आवारात जुनी चिमणी अजून उभी आहे. आबांनी नातीला चिमणी दाखवली, नातीनं आबांना सरकत्या जिन्यावर हात धरून चढवलं. आबा नाराज होतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. "एवढ्या जागेत आम्ही किती माणसं होतो," एवढंच म्हणाले, आणि मग रातपाळीच्या चहाची गोष्ट सुरू केली. घरात आजवर कोणाला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी त्या बाकड्यावर बसून सांगितल्या. मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्यात. ज्यांच्या घरात गिरणीतलं माणूस अजून आहे, त्यांनी हे लवकर करा. गेटवे कधीही बघता येईल.

सांगलीहून

पाटणकर दादा, वाचताना डोळे भरून आले. आमच्या घरातही परळचे काका होते.

आमची शहरवारी नाटकांसाठी असते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, त्या गावची माणसं आम्ही. सांगलीत प्रयोग होतात, नाही असं नाही, पण नवीन नाटक यायला वाट बघावी लागते आणि कधी ते येतच नाही. म्हणून जोडून सुट्टी आली की पेपरातल्या जाहिराती बघून बेत ठरतो. रविवारी दुपारचा प्रयोग दादरच्या शिवाजी मंदिरात, रात्रीचा माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरात. मधल्या वेळात दादरला साबुदाणा वडा आणि पियूष. राहायचं दादरलाच, म्हणजे रात्री नाटक सुटल्यावर धावपळ नको.

मुलगी अकरावीत आहे. तिला गर्दीच्या ठिकाणी फिरायची हौस नाही, पण पडदा उघडण्यापूर्वीची तिसरी घंटा तिला फार आवडते. मध्यंतरात बटाटेवडा खाताना शेजारच्या अनोळखी आजींशी तिने नाटकावर जो वाद घातला, तसा ती घरात कोणाशीच घालत नाही. तिकीट मोबाइलवर आधी काढावं. सुट्टीच्या रविवारी खिडकीवर पुढच्या रांगा मिळणं कठीण.

वाईहून

गाडीने जाणाऱ्यांसाठी लिहितो. सुट्टीत पसरणी घाटात वाहनं मुंगीच्या गतीने चढत असतात, खंबाटकीत चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. पण ती सगळी आपल्याकडे येणारी. साताऱ्याकडून पुण्याकडे आपण बोगद्याने जातो, ती बाजू शनिवारी सकाळी मोकळी मिळते. परतताना सोमवारी संध्याकाळी लोक मुंबईकडे जात असतात आणि आपण घराकडे. एकच लक्षात ठेवा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फार कोंडी झाली तर तिथल्या घाटात मुंबईकडे जाणारी वाहनं काही काळ थांबवून ती मार्गिकाही पुण्याकडच्या वाहनांना देतात. डब्यात दशम्या आणि पाणी असू द्या.

गाडी मुंबईत नेत नाही. भाऊ कोपरखैरणेला असतो, तिथे आपल्याकडची माथाडी कुटुंबं भरपूर. गाडी त्याच्या दारात लावायची आणि पुढे लोकल. रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो मेगाब्लॉक कुठे आहे हे आदल्या दिवशी बघून ठेवायचं.

विट्याहून

सगळे मुंबईवर लिहितायत, मी बंगळूरचं लिहितो. विटा-खानापूर भागातल्या लोकांना कारण सांगायला नको. गलाईच्या धंद्यामुळं आमची माणसं देशभर पसरलीत, सोनं गाळायला कुठं कुठं जाऊन बसलीत. माझे चुलते कित्येक वर्षं बंगळुरात आहेत. १५ ऑगस्ट जोडून आला की त्यांच्याकडं जायचं, कारण त्याच सुमारास लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. दुसरं २६ जानेवारीच्या सुमारास असतं.

काचघर १८८९ मधलं. आत फुलांनी मोठमोठ्या प्रतिकृती केलेल्या असतात. माझी आई शेतकरीण. तिला त्या प्रतिकृतींपेक्षा बागेतली जुनी झाडं भावली. एकेका बुंध्याला हात लावून बघत होती. बागेतला खडक फार प्राचीन आहे, तीन अब्ज वर्षांपूर्वीचा सांगतात. त्यावर बसून आम्ही घरचे शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. गर्दी प्रचंड असते. सकाळी दार उघडताच आत जावं, लालबाग नावाचंच मेट्रो स्टेशन जवळ आहे.

खरं सांगायचं तर बाग हे निमित्त आहे. चुलत्यांची मुलं कन्नड शाळेत शिकली. आमच्या पोरांशी ती आपल्या माणदेशी बोलीत बोलतात, आणि लगेच खाली जाऊन दुकानदाराशी कन्नडमध्ये. आमची पोरं ऐकत राहतात. परत आल्यावर माझ्या मुलाने मोबाइलवर कन्नड अक्षरं शिकायला घेतली, कोणी सांगितलं नव्हतं.

कराडहून

मी एकटी दोन मुलींना घेऊन जाते. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्या आईला प्रवास मोफत. हिशेबाला खूप फरक पडतो. मुंबईत भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीय, ऑक्टोबर २०२५ पासून. दादर, सिद्धिविनायक, चर्चगेट सगळं त्या एकाच मार्गावर. लिफ्ट आहेत, त्यामुळे आईला जिने चढावे लागले नाहीत. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला मुली आसुसलेल्या असतात. बाग बुधवारी बंद असते.

जतहून

आम्ही पहिल्यांदाच जाणार आहोत. वडील ७०, आई ६४. रेल्वेत दोघांना खालची जागा कशी मिळेल?

धागाकर्ती, सातारा

दादा, आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा, तुमच्या तिकिटात घालू नका. पुरुष ६० च्या पुढचे आणि बायका ४५ च्या पुढच्या, एकट्या किंवा दोघंच असतील तर खालच्या जागांचा वेगळा कोटा मिळतो. तुमचं तिकीट त्याच डब्यात मिळतंय का ते बघा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि जोडून सुट्टीच्या गाड्या पहिल्या सकाळीच भरतात. मिरजेहून बसणार असाल तर वर मिरजेच्या ताईंना विचारा, स्टेशनवर चाकाची खुर्ची कशी मागायची ते त्या सांगतील.